बंद पाकिटातली चाल

माझ्या थोरल्या बहिणीने बंद पाकिटात ठेवलेली चाल मी फोडली. अकोल्याच्या बुद्धिबळ सामन्यात, शेवटच्या डावात, जेवणाच्या सुट्टीत. ज्याच्याविरुद्ध ती खेळत होती त्यालाच मी ती कळवली, त्याचा चहा प्यालो, त्याचे दोन आलुबोंडे खाल्ले आणि परत येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. जीभ घसरली, असे मी पुढे दहा वर्षे स्वतःला सांगत आलो. जीभ घसरली नव्हती. आपण काय करतो आहोत ते मला कळत होते. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी माझीच बाजू घ्यायला लागेन अशी मला भीती वाटते.

आमचे वडील पलटणीतून पेन्शनीवर आलेले. बुद्धिबळ ते छावणीत शिकले, विलायती नियमांनी. अमरावतीला आमच्या वस्तीत सगळे देशी डाव खेळत, पण वडील रविवारी ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे आणि आपलेच नियम चालवायचे. हळूहळू चार-सहा माणसे त्यांच्या नियमांनी खेळू लागली. ओट्यावर पुरुषांत मुलीने बसायचे नाही, हे कोणी न सांगता ठरलेले होते. ताई दाराच्या आत बसायची. मांडीवर सूप, सुपात तूर नाही तर तांदूळ, आणि फटीतून पट दिसेल अशा बेताने चौकटीला टेकलेली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी बाहेर, दाराला पाठ लावून खेळायचो.

पहिल्यांदा तिने आतून माझा सदरा ओढला तेव्हा मी हरत होतो. "उंट काढ. कोपऱ्यात ने," ती हळूच म्हणाली. मी नेला. समोरचा माणूस वडिलांना म्हणाला, "पोट्टं लय डोकंबाज हाय बाप्पा तुमचं!" वडील दाराकडे पाहून हसले. त्यांना कळले होते. शाबासकी मात्र मी घेतली, आणि घ्यायला मला काही वाटले नाही.

पुढे कित्येक वर्षे तसेच चालले. ती आतून बोलायची, मी बाहेर सोंगट्या हलवायचो. त्यातून तिला एक सवय लागली. चाल मला सांगितल्याशिवाय तिला ती पक्की वाटत नसे. वडील गेल्यावर, रात्रीची भांडी आटोपल्यावर ती एकटीच पट मांडायची, पण विचार करून झाला की मला हाक मारायची. "बापू, ऐक. घोडा मधी घेतला." मी "हो" म्हणायचो. मग ती घोडा हलवायची. मला त्यातले फारसे कळत नसे. तिला माझे मत नको होते, तिला फक्त माझा कान लागायचा.

छप्पन सालच्या दीक्षेनंतर आईने घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. देव्हाऱ्याचा कोनाडा रिकामा झाला. महिनाभर तो तसाच राहिला. मग ताईने तो पुसून घेतला, वर बुद्धाची तसबीर लावली आणि खाली वडिलांचा पट ठेवला. आई म्हणाली, "खेळाची चीज ठेवते काय तिथं कोनी?" ताई म्हणाली, "बाची एवढीच तं वस्तू रायली, आई. अजून कुठं ठेवू?"

तेव्हा ती वलगावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. रोज सकाळी मोटारीने जायची, संध्याकाळी यायची. तिथे मधल्या सुट्टीत ती फरशीवर खडूने पट आखून चिंचोक्यांनी मुलींना डाव शिकवत असे. एकदा परीक्षेच्या कामाला अकोल्याहून गणिताचे एक शिक्षक आले होते. निवृत्तीला टेकलेले, काळी टोपी, कानात सदैव कापसाचा बोळा. त्यांनी ते चिंचोके पाहिले आणि तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. दोन डाव हरले. उठताना धोतर झटकत म्हणाले, "पोरी, तू इथं काय करून राहिलीस?"

"नोकरी, गुरुजी," ताई म्हणाली.

ते इतके हसले की मुली घाबरल्या. हे मला ताईनेच सांगितले, आणि सांगताना ती ज्या आनंदात होती तशी मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

अकोल्याला दर हिवाळ्यात वऱ्हाडातल्या खेळाडूंचे सामने व्हायचे आणि गुरुजी त्यांचे पंच होते. बाई खेळणार म्हटल्यावर सामन्याची मंडळी बिथरली. गुरुजी म्हणाले, मग पंच दुसरा पहा. शेवटी मंडळींनी एक अट घातली. बाईमाणसासोबत घरचा पुरुष पाहिजे आणि तो डाव संपेपर्यंत हजर पाहिजे. म्हणून तीस पुरुषांच्या त्या दिवाणखान्यात ताई खुर्चीवर बसायची आणि मी तिच्या मागे उभा राहायचो. लहानपणी मी बाहेर आणि ती आत असायची. आता ती पटासमोर होती आणि मी तिच्या पाठीशी. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही खरे आहे.

पहिल्या वर्षी ती तिसरी आली. दुसऱ्या वर्षी अमरावतीला जिल्ह्याचे सामने झाले, ते तिने एकही डाव न हरता जिंकले. तिच्याकडून हरलेल्या माणसांची कारणे ऐकण्यासारखी असत. एकाची दाढ दुखत होती. एकाला रात्रभर झोप नव्हती. एक जाडेजुडे वकील म्हणाले, "बाईमाणसावर हात उचलनं आपल्या रक्तातच नाई." ताई शांतपणे म्हणाली, "हात कायले, वजीर उचलाचा होता." सगळा दिवाणखाना हसला, वकीलही हसले. जिल्ह्याची अजिंक्य म्हणून तिला मिळालेला पितळी पेला आईने रोज चिंचेने घासला.

तिसऱ्या हिवाळ्यात अकोल्याला जो पहिला येईल तो मुंबईला प्रांताकडून खेळायला जाणार होता. ताईने वर्षभर दुसरा विचार केला नाही. मोटारीत बसली की तिची बोटे मांडीवर पदराखाली हलायची. ती बत्तीस वर्षांची झाली होती, लग्नाचा विषय आईनेही सोडला होता, आणि मला वाटते, आपल्याला मिळण्यासारखी एवढीच एक गोष्ट जगात आहे असे तिने मनाशी धरले होते.

त्याच वर्षी माझी गत काय होती तेही सांगायला हवे. मी बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर तात्पुरता कारकून होतो. रुईच्या गाठी मोजायच्या, पावत्या लिहायच्या. तीन वर्षे झाली तरी कायम झालो नव्हतो, आणि काही तात्पुरत्या लोकांना काढणार असल्याची बोलवा होती. कायम करायच्या माणसांची यादी बडे बाबूंच्या टेबलावरून वर जायची. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. आणि बडे बाबू वऱ्हाडातले नावाजलेले बुद्धिबळपटू होते. सलग काही वर्षे अकोल्याचे सामने तेच जिंकत आले होते.

शेवटच्या दिवशी शेवटचा डाव त्यांचा आणि ताईचा आला. बडे बाबू अर्ध्या गुणाने पुढे होते. बरोबरी झाली तर मुंबईला ते जाणार, ताई जिंकली तर ताई जाणार. सकाळी बडनेऱ्याहून आम्ही एकाच गाडीने गेलो होतो. त्यांनी ताईला संत्री दिली आणि मला म्हणाले, "काय रे, आज कोनाच्या बाजूनं हायेस? घरच्या का हापिसच्या?" सगळे हसले. मीही हसलो.

साडेबारापर्यंत डाव संपला नाही. ताईचे एक प्यादे जास्त होते. जेवणासाठी अडीच तासांची सुट्टी करायची ठरली. अशा वेळी रिवाज असा की ज्याची पाळी असेल त्याने आपली पुढची चाल पटावर खेळायची नाही, कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचाकडे द्यायची. म्हणजे सुट्टीत समोरच्याला उत्तर शोधत बसता येत नाही, कारण चाल काय ते त्याला ठाऊक नसते. पाळी ताईची होती. तिने पदराआड कागद धरून चाल लिहिली, पाकीट चिकटवले, जोडावर सही केली आणि गुरुजींच्या हातात दिले. गुरुजींनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि वर पिन लावली.

सगळ्यांना वाटत होते की तिने हत्तीने शह दिला असणार. ती चाल समोर पडलेली होती. त्याने डाव बरोबरीत सुटला असता, आणि बडे बाबू त्यामुळेच खुशीत होते.

बाहेर नळावर हात धुताना ताई माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उजळला होता. ओठ न हलवता ती म्हणाली, "बापू, ऐक. राजा एक घर मांगं."

मी "हो" म्हणालो.

ती गुरुजींच्या घरच्या बायकांकडे जेवायला गेली. मी रस्त्यावर आलो. समोरच्या हॉटेलातून बडे बाबूंनी हात केला. त्यांच्यासोबत त्यांचे दोन खेळगडी होते, टेबलावर छोटा पट मांडलेला. मी बसलो. चहा आला, आलुबोंडे आले.

"खा खा. सकाळपासून उभा हायेस बहिणीमांगं, चपराशावानी," बडे बाबू म्हणाले. "तुह्या कागदाचं पाहून रायलो मी. या महिन्यात यादी जाते वरतं."

मी म्हणालो, "मेहरबानी, बाबूजी."

"मेहरबानी कायची? घरचाच पोरगा हायेस." मग पटाकडे बोट करून ते आपल्या माणसांना म्हणाले, "चला, शहाच्या पुढं काय होते ते पाहू. बरोबरीच हाय. बाईमाणूस हाय, शह दिसला का देऊन मोकळी झाली असन."

"तिले तुमी अजून वळखलं नाई," मी म्हणालो.

इथपर्यंत जीभ घसरली असे म्हणता येईल. बहिणीला कमी लेखले म्हणून भाऊ बोलून गेला. दहा वर्षे मी याच वाक्यापाशी थांबत होतो. पण गोष्ट इथे थांबली नाही. बडे बाबूंनी कप खाली ठेवला. पटाकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग हत्ती सोडून त्यांनी ताईच्या बाजूचा राजा उचलला, एक घर मागे ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. काही विचारले नाही. नुसते पाहत राहिले. हातातला आलुबोंडा मी तसाच धरला होता. मी मान हलवली. थोडीशीच, पण हलवली. मग तो आलुबोंडा मी खाल्ला.

"खाय, दुसराही खाय," ते म्हणाले, आणि तिघेही पटावर वाकले.

तीन वाजता डाव परत सुरू झाला. गुरुजींनी पिन काढली, पाकीट सगळ्यांना दाखवले, बाजूने चाकूने फाडले आणि राजा एक घर मागे घेतला. बघ्यांमध्ये कुजबुज झाली. तिथे कोणालाही विचार करायला अर्धा तास लागला असता. बडे बाबूंना साधा घोडा हलवायचा तरी कानाची पाळी चोळत बसायची सवय होती. त्या दिवशी त्यांनी कानाला हात लावला नाही. हातातली सुपारी तोंडात टाकली आणि त्याच हाताने घोडा मरायला पुढे ठेवला. दिसायला ती वेड्याची चाल होती. पण तेवढ्या एकाच चालीने त्यांचा डाव वाचत होता.

ताई दहा मिनिटे हलली नाही. मग तिने वर पाहिले. तिची नजर बडे बाबूंवरून निघाली, मागे वळून माझ्यावरून गेली आणि गुरुजींवर जाऊन थांबली. माझ्यावर ती क्षणभरही थांबली नाही. आपल्या हाताकडे कोणी संशयाने पाहते का?

ती उठून उभी राहिली. "गुरुजी, माही चाल फुटली हाय."

गुरुजींना आधी ऐकू गेले नाही. त्यांनी कानातला बोळा काढला. "काय म्हणतेस?"

"माही चाल यायले आधीच मालूम होती. पाकीट तुमच्याजवळ होतं."

गुरुजींनी पाकीट पुढे केले. "ही सही तुझीच आहे ना पोरी? जोड फाटला आहे का कुठं? पाहा."

"फाडाची काय गरज हाय? कागद पातळ हाय. उजेडात धरला का दिसते."

ज्या माणसाने तिच्यासाठी मंडळींशी भांडण घेतले होते, तो माणूस भरसभेत आपल्या कोटाच्या खिशाकडे पाहत उभा होता. कोणीतरी मागून म्हणाले, "घ्या, बायायले अजून खेळवा!" बडे बाबू सुपारी चघळत छताकडे पाहत होते. मी ताईच्या मागे दीड हातावर होतो. एक पाऊल पुढे टाकून पाच शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडात आलुबोंड्याची चव होती. मी पाऊल टाकले नाही.

डाव पुढे चालवायचा हुकूम झाला. ताई बसली, पण तिचा जीव पटावर नव्हता. बरोबरीचा डाव ती जिंकायला गेली आणि हरली. नंतर मंडळींनी तिच्यापुढे कागद ठेवला. पंचावर खोटा आळ घेतला म्हणून माफी लिहून दे, नाहीतर पुढे कधीही खेळता येणार नाही. ताई म्हणाली, "मी खोटी माफी लिहून देनार नाई." गुरुजी कोपऱ्यातून म्हणाले, "तिला सतावू नका. जाऊ द्या." तिने तेही ऐकले, आणि मला वाटते, अपराधी मनाने ते असे बोलतात असे धरून तिचा संशय आणखी पक्का झाला.

तिचे नाव कायमचे कापले गेले. पुढच्या वर्षीच्या पत्रकात छापून आले की सामने फक्त पुरुषांसाठी आहेत. गुरुजींनी पंचाचे काम सोडले. बडे बाबू मुंबईला जाऊन पहिल्याच फेरीत हरून आले आणि पुढे भुसावळला बदलून गेले. दोन महिन्यांनी मी कायम झालो.

त्या दिवशी ताई वलगावहून पेढे घेऊन आली. शाळेतही वाटले म्हणाली. पहिला पेढा तिने माझ्या तोंडात घातला. "घरात एक तं कोनी जिकलं," ती म्हणाली. मी तो पेढा गिळला. त्या दिवसापासून मी स्वतःला माणूस म्हणून मोजणे सोडले, असे लिहावेसे वाटते, पण तेही खरे नाही. मी नोकरी केली, लग्न केले, बडनेऱ्याला क्वार्टर घेतले, मुले झाली. सगळे रीतसर चालले होते. फक्त अमरावतीला आईकडे गेलो की कोनाड्याकडे पाठ करून बसायचो. पटावर ताईने एक पांढरे फडके टाकले होते. ते ती दर पंधरा दिवसांनी धुऊन परत टाकायची. फडक्याखालचे कोणी काढत नसे.

सांगायचा प्रयत्न मी केलाच नाही असे नाही. एकदा पत्र लिहिले आणि टपालपेटीपाशी फाडून टाकले. एकदा ठरवून गेलो तर ती तापाने पडली होती. मला उलट बरे वाटले. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी आम्ही दोघेच घरात होतो. मी म्हणालो, "ताई, एक सांगाचं होतं." ती म्हणाली, "तू काई सांगू नको बापू, तूच तं हायेस आता माहा." झाले. मी पुन्हा वर्षभर गप्प.

वाईट हे होते की तिच्यातला खेळ मेला नव्हता. जेवताना तिची बोटे ताटाच्या काठावर हलायची. पूर्वी ती मग मला हाक मारायची. आता हाक येत नसे. कोणाशी डाव मांडणे तिने सोडले होते, पण मनात तो चालूच होता, आणि तिथे तिला ऐकायला कोणी नव्हते. कधी अकोल्याचा विषय निघाला की ती गुरुजींचे नाव न घेता 'चोर' म्हणायची, आणि वर सांगायची, "मानसावर विश्वास ठेवाचा नाई. बापासारखा असला तरी." मी मान खाली घालून "हो" म्हणायचो.

अशी दहा वर्षे गेली. मग एका थंडीत अकोल्याहून ताईला पत्र आले. गुरुजींच्या सुनेने लिहिले होते. मामंजी अंथरुणाला खिळले आहेत, तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जावे. रविवारी मी गेलो तेव्हा ताई ओसरीत बसून तूर निवडत होती. पत्र तिने माझ्यापुढे सरकवले.

"जानार हायेस?" मी विचारले.

"कायले? मरतानी त्यायले माफी पाह्यजे असन. मी देत नाई."

तिचा हात सुपात शांतपणे फिरत होता. खडा काढायची, बाजूला ठेवायची. मला दिसले की हा म्हातारा आता दोन-चार दिवसांचा सोबती आहे, तो तिच्या तोंडून चोर ठरूनच जाणार, आणि ती जन्मभर एका निर्दोष माणसाला शिव्या देत राहणार. दोन्ही माझ्यामुळे. मी उभा होतो तो चौकटीला धरून खाली बसलो.

"ताई, पाकीट त्यायनं नाई पाह्यलं. चाल म्या सांगतली. बडे बाबूले."

तिचा हात थांबला. तिने वर पाहिले नाही.

"कवा?"

"जेवाच्या सुट्टीत. हॉटेलात."

"त्यानं इचारलं, का तू सांगतलं?"

"त्यानं राजा मांगं ठेवून पाह्यला. म्या मान हालवली."

"चहा पेला त्याचा?"

"पेलो."

"अजून?"

"आलुबोंडे."

"किती?"

"दोन."

मग तिने सूप हळूच खाली ठेवले, जणू त्यात काही भरलेले होते ते सांडेल. मला वाटले ती रडेल, मारेल, घराबाहेर काढेल. मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"माह्याजवळ नको," ती म्हणाली. "आधी तिकडं. अकोल्याची गाडी किती वाजताची हाय?"

बडनेऱ्याहून पॅसेंजर मिळाली. गाडीत ती खिडकीशी बसली, मी समोर. मूर्तिजापूर गेले, बोरगाव गेले. एकदा फक्त बाहेर पाहत म्हणाली, "म्या त्यायले मुलीयदेखत चोर म्हटलं. शाळेतल्या मुलीयदेखत. दहा वर्षं." मला उद्देशून ते नव्हते.

गुरुजींचे घर तेच होते. सुनेने आत नेले. खाटेवर मूठभर माणूस उरला होता. डोळे उघडे, पण आमच्या बाजूला नव्हते. सून म्हणाली, "ऐकू फार कमी येतं. मोठ्यानं बोला."

ताई आत आली नाही. दाराच्या चौकटीपाशीच थांबली, पदर घट्ट धरून. मी खाटेजवळ गेलो. गाडीत जुळवलेले सगळे शब्द नाहीसे झाले होते. मी वाकून म्हणालो, "गुरुजी, मला माफ करा."

"कोण?" गुरुजी म्हणाले. "काय म्हणतो?"

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही अशी. शेजारच्या खोलीत मुले अभ्यास करत होती, ती थांबली. अंगणात कोणी धुणे धुत होते, त्याचाही आवाज बंद झाला. मी मागे पाहिले. ताई चौकटीला टेकून उभी होती.

"मोठ्यानं सांग, बापू," ती दारातून म्हणाली. "त्यायले आयकू जात नाई."

मी सरळ उभा राहिलो आणि ओरडलो. गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो. "गुरुजी, तुम्ही पाकीट पाहिलं नव्हतं! चाल मी फोडली! नोकरी कायम व्हावी म्हणून फोडली, आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प उभा राहिलो! चोर मी आहे! मला माफ करा!"

गुरुजींचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि हवेत काहीतरी शोधू लागला. तो माझ्यासाठी होता की दारातल्या तिच्यासाठी, मला कळले नाही. मी वळलो. खोली एवढीशीच, ताई माझ्यापासून दीड हातावर होती, हळू बोललो असतो तरी चालले असते, पण आवाज काही केल्या खाली येईना. तसाच ओरडून मी तिला म्हणालो, "ताई, मले माफ कर. तू मले चाल सांगतली अन् म्या इकली. मले माफ कर."